चीज : मला आवडलेले आणि न आवडलेले

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने वाचलेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा 'माझी आवड, माझी नावड' असा विषय ठेवला आणि चिठ्ठ्या टाकून बोलणाऱ्यांची नावे काढली. त्यांत माझेही नाव निघाले. मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलायची सवय नाही, म्हणून जे सांगायचे ते वहीत उतरवून आणले आहे. वाचताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

माझा विषय आहे चीज. हसू नका! चीज ही आता काही फक्त मुंबईची वस्तू राहिलेली नाही. आपल्या जव्हारच्या बाजारात दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ते दह्याच्या पिशव्यांशेजारी ठेवलेले असते. दाभोसा धबधबा आणि हनुमान पॉइंट पाहायला येणारे पाहुणे डोशावर, सँडविचवर ते किसून मागतात, आणि त्यांचे पाहून आपली मुलेही मागतात. तेव्हा घरात आलेल्या पाहुण्याची नीट ओळख करून घेतलेली बरी.

पण मी हा विषय घेतला त्याचे कारण निराळेच आहे. माझी थोरली मुलगी नाशिकला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने मला विचारले, "आई, तुला काय आवडते? पुढच्या खेपेला येताना आणते." मी म्हटले, "तुझ्या बाबांना जिलबी आवडते, आजीला मऊ खारी आवडते, धाकट्याला शेव आवडते." ती म्हणाली, "ते ठाऊक आहे. तुला काय आवडते?" भगिनींनो, मला उत्तर देता येईना. सव्वीस वर्षे या घरात मी रांधते आहे. कोणाला भात मोकळा लागतो, कोणाला आमटीत गूळ चालत नाही, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण माझ्या स्वतःच्या जिभेला काय रुचते, हे कोणी विचारले नव्हते आणि मीही मनाशी कधी धरले नव्हते. आपल्यापैकी कितीजणींचे असे आहे, ते ज्याच्या त्याच्या मनाला ठाऊक.

मग मुलीने चंगच बांधला. तिच्या हॉटेलात तऱ्हेतऱ्हेचे चीज वापरतात. पगारातून तिने थोडे थोडे विकत घेऊन दर खेपेला एकेक तुकडा आणायला सुरुवात केली आणि मला सांगितले, "खा, आणि आवडले की नाही ते खरे सांग. माझ्यासाठी आवडून घेऊ नकोस." त्या चाखण्यातून जे कळले ते आज सांगते.

आधी चीज म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे 'दूध नासले' हा शब्दच मुळी अशुभ. चुलीवर दूध फाटले की घरातल्या बाईचा चेहरा उतरतो. पण जगात निम्मे खाणे त्या फाटलेल्या दुधावरच उभे आहे म्हणा ना. तापलेल्या दुधात लिंबू किंवा आंबट ताक घातले की ते फाटते, पाणी निराळे होते, चोथा बांधून दाबला की झाले पनीर. चीजची तऱ्हा थोडी वेगळी. कोमट दुधाला आधी विरजण लावतात आणि मग त्यात 'रेनेट' नावाचा रस घालतात. त्याने दूध दह्यासारखे पण घट्ट धरते. ते कापून, पाणी निथळून, मीठ घालून, दाबून ठेवायचे. काही चीज ताजे खातात, काही महिनोन् महिने, तर काही वर्षदोन वर्षे मुरवतात. आपण लोणचे मुरवतो तसेच. या फरकामुळेच पनीर तव्यावर तळले तरी चौकोनीच्या चौकोनी राहते आणि चीज मात्र वितळते.

एक गोष्ट शाकाहारी भगिनींनी लक्षात ठेवावी. हे रेनेट पूर्वापार वासराच्या जठरातून काढत. आता ते सूक्ष्मजीवांपासूनही तयार करतात, आणि आपल्या देशातील मोठ्या डेऱ्या तेच वापरतात. पुडक्यावर हिरवा ठिपका आहे ना, एवढे पाहावे. इटलीचे खरे 'पार्मिजानो' मात्र आजही वासराच्या रेनेटनेच करतात. तसा तिकडचा नियमच आहे.

आता माझ्या आवडी. पहिला मान टोपलीच्या पनीरचा. माझे माहेर डहाणूकडचे. तिकडे चिकूच्या वाड्या पुष्कळ, आणि त्यांतल्या बऱ्याच पारशी आणि इराणी मंडळींच्या. आमच्या घरामागे अशाच एका पारशी कुटुंबाची वाडी होती. तिथल्या आजी सणासुदीला 'टोपली नू पनीर' करीत. वेताच्या लहान लहान टोपल्यांत दूध धरवायचे, ते सुटले की खारट निवळीत तरंगत ठेवायचे. वर टोपलीच्या विणीची नक्षी उमटलेली असे. खोबऱ्याच्या मलईसारखे मऊ, किंचित खारट. तोंडात ठेवले की विरघळे. सुरतेकडे असेच पनीर करतात, म्हणून त्याला सुरती पनीरही म्हणतात.

लग्न होऊन मी इथे आले आणि एकदा सहज त्याचे नाव काढले. घरात कोणी म्हणाले, "ते पारशांचे खाणे. त्यात कोंबडीचे काहीतरी घालतात म्हणे." बोलणे तिथेच थांबले. त्या म्हणण्यात तथ्य होते, हे मला पुढे कळले. जुन्या रीतीत कोंबडीच्या पोटातील पिशवीचे वाळवलेले अस्तर दूध धरवायला वापरीत. आता पुष्कळजण शाकाहारी रेनेट घालतात. पण गंमत पाहा, आमचे घर काही शाकाहारी नाही. रविवारी कोंबडी शिजतेच. तरी सुनेच्या तोंडून आलेली आवड म्हणून ती बाजूला पडली. मी कोणाला दोष देत नाही. त्या वेळी सुनेला आवड असते, हेच कोणाच्या ध्यानात नसे.

दुसरी आवड खरवसाची. तुम्ही म्हणाल, खरवस म्हणजे काही चीज नव्हे. बरोबर आहे, पण तो चीजचा चुलतभाऊ खास. व्यालेल्या गाईम्हशीच्या पहिल्या चिकात प्रथिने इतकी असतात की त्याला ना लिंबू लागत ना रेनेट. नुसत्या वाफेवर तो धरतो. वेलदोडा, गूळ आणि वर जायफळ. याहून चांगला पदार्थ मला कोणी दाखवावा! मात्र चिकावर पहिला हक्क वासराचा. त्याचे पोट भरून उरेल तेवढ्याचाच खरवस करावा, असे माझी आई सांगे आणि मीही सांगते.

तिसरे, आपल्या ओळखीचे चौकोनी पुडीतले पिवळे चीज. गुजरातेत आणंदला १९४६ साली शेतकऱ्यांचा दूधसंघ उभा राहिला. त्यांची मोठी डेअरी १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली, आणि पुढे त्याच अमूलने चीज घरोघर नेले. म्हशीच्या दुधाचे असे पदार्थ होणार नाहीत, असे परदेशी जाणकार म्हणत. ते आपल्या माणसांनी करून दाखविले. या चीजला 'प्रोसेस्ड' म्हणतात. मुरलेले चीज वितळवून त्यात काही क्षार घालतात आणि पुन्हा वड्या पाडतात. ही युक्ती १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये निघाली. उष्ण मुलखात चीज टिकावे, हा तिचा हेतू. चव साधी, खारट, ठरावीक. मला हे नुसते खायला आवडत नाही, टाळूला चिकटते. पण गरम नागलीच्या भाकरीवर किसून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा लावून खाऊन पाहा. आमच्या घरी आता पावसाळ्यातल्या संध्याकाळी हा बेत होतो आणि सासूबाईही मागून घेतात.

सासूबाईंवरून आठवले. त्यांना दूध सोसत नाही. प्याल्या की पोट गुडगुडते. दुधातली साखर पुष्कळ मोठ्या माणसांना पचत नाही. ती साखर बरीचशी निवळीबरोबर निघून जाते आणि उरलेली मुरताना संपते. म्हणून ज्यांना दूध बाधते त्यांना मुरलेले चीज बहुधा बाधत नाही. मात्र त्यात मीठ फार. रक्तदाबाच्या माणसाने बोटभर तुकड्यावर थांबावे.

चौथे 'मोझरेला', म्हणजे पिझ्झावरचे ताणणारे चीज. ते इटलीचे, आणि तिकडेही अस्सल मोझरेला म्हशीच्या दुधाचेच मानतात. धरलेले दूध उकळत्या पाण्यात मळून मळून ओढतात, म्हणून त्याला तार येते. ताजा गोळा मुलीने आणला तेव्हा मला टोपलीच्या पनीरची आठवण झाली. पांढराशुभ्र, दुधाळ आणि बेताचा खारट. टोमॅटोच्या फोडीबरोबर आवडला. पिझ्झावर मात्र नुसतीच तार. चव अशी लागली नाही. मुलांना ती तार ओढण्यातच मौज वाटते, त्यांची ती आवड त्यांना लखलाभ.

पाचवे 'चेडर'. इंग्लंडातल्या एका गावावरून हे नाव पडले. वर्षभर मुरलेला तुकडा होता. पहिल्या घासाला कडक, मग आंबट, मग जिभेच्या कडेला झोंबणारा. आणि गिळल्यावरही चव रेंगाळते. मला फार आवडला. जुन्या लिंबाच्या लोणच्यावर ज्यांचा जीव आहे, त्यांनी हे जरूर चाखावे.

सहावे मात्र कधीही खाणार नाही! निळ्या बुरशीचे चीज. फ्रान्समध्ये रोकफोर नावाचे गाव आहे, तिथे मेंढीच्या दुधाचे असे चीज गुहांत मुरवतात, मोठे नावाजलेले. मुलीने आणले ते दुसरे कुठले, पण त्याच जातीचे. उघडताच घरभर वास. आपल्या जव्हारात चार महिने पाऊस. पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, भिंतीला बुरशी. जिच्याशी आपण आषाढ-श्रावण झुंजतो, तीच पैसे मोजून आणायची? मी एक कण जिभेवर ठेवला. धातू चाखल्यासारखे वाटले. मुलगी हसून म्हणाली, "आई, सुके बोंबील भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात, ते तुला चालते!" तिचे म्हणणे खोटे नाही. ज्या नाकाला सुकट-बोंबील सुवासिक, त्याने दुसऱ्याच्या चीजला नाक मुरडू नये. मी नाक मुरडत नाही. फक्त मला ते आवडत नाही, एवढेच म्हणते. या दोहोंत फरक आहे. आणि एक सावधगिरी : चीजमधली ती बुरशी मुद्दाम निवडून लावलेली असते. घरच्या पावाला किंवा पुडीतल्या चीजला आपोआप बुरशी आली तर पाव आणि मऊ चीज सरळ टाकून द्यावे.

सातवे सर्वांत नवलाचे. त्याचे नाव 'ब्रुनोस्ट'. हे नॉर्वे देशाचे. चीज करून जी निवळ उरते ती फेकून न देता साय घालून तासन् तास आटवतात. आपण खवा आटवतो अगदी तसेच! रंग तपकिरी, चव खारवलेल्या कंदी पेढ्यासारखी. हे आता मुंबईत मौसम नारंग नावाच्या बाई आपल्या 'एलेफ्थेरिया' या कारखान्यात करतात, आणि २०२१ साली स्पेनमध्ये भरलेल्या जागतिक चीज स्पर्धेत त्यांच्या ब्रुनोस्टला रौप्यपदक मिळाले. निवळ वाया जाऊ न देणारी ही काटकसर पाहून मला ते चीज दुप्पट गोड लागले.

आता माझी खरी नावड सांगते; ती कोणत्याही जातीच्या चीजविषयी नाही, खोट्या चीजविषयी आहे. दुधातली स्निग्धता काढून तिच्या जागी पाम तेल घालतात, घट्टपणासाठी पिठूळ पदार्थ घालतात, आणि त्याच्या वड्या चीज-पनीर म्हणून खपवतात. त्याला 'अॅनालॉग' म्हणतात. विकायला कायद्याची बंदी नाही, पण पुडक्यावर तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. गाडीवर किसून मिळणाऱ्या चीजला पुडकेच दिसत नाही, तिथे गफलत होते. ओळखायचे कसे? घरात पिठूळ भेसळ पाहायची तर तुकडा पाण्यात उकळून, गार करून, टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. निळेकाळे झाले तर पीठ आहे. तेल मात्र अशाने कळत नाही. तिथे आपला हिशेबच कामाला येतो. एक किलो चीजला सुमारे १० लिटर दूध लागते. डेअरीला दूध ३५ रुपये लिटर पडते असे धरले तरी नुसत्या दुधाचेच ३५० रुपये झाले. मग कोणी अडीचशे रुपयांना किलोभर चीज देत असेल, तर तो दूध विकत नाही, एवढे सातवीच्या गणितातही कळते. बाहेर खाताना "पुडके दाखवा" म्हणायला लाजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि पुडीबंद पनीरवरचा पूर्ण गेला आहे. तेव्हा अस्सल वस्तू पूर्वीपेक्षा थोडी आवाक्यात आली आहे.

कोणी म्हणेल, जव्हार-मोखाड्यासारख्या भागात चीजच्या आवडीनिवडी सांगणे शोभते का? १९९२ साली आपल्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली आणि देशाला आपले नाव त्या कारणाने कळले. २०१५ साली सरकारने आदिवासी भागातील गरोदर आणि बाळंत मातांसाठी अमृत आहार योजना काढली, तेव्हा कुठे अंगणवाडीत एक वेळचे पुरते जेवण सुरू झाले. हे मी विसरलेले नाही. म्हणून स्पष्ट सांगते, मुलांच्या पोषणासाठी चीजच हवे असे बिलकूल नाही. चीजच्या एका चौकोनाच्या पैशांत साधारण दोन अंडी येतात, आणि दोन अंड्यांत प्रथिने दुपटीहून अधिक. आपल्या नागलीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. नागलीची भाकरी, सुकट, उडदाचे वरण, अंडे हे आधी. चीज नंतर, आणि ते चवीपुरते.

पण आवड ही पोट भरलेल्यांचीच मालकी नव्हे. आमच्याकडे पाड्यावरून रानभाजी घेऊन येणारी एक वारली मावशी आहे. तिच्या घरी चहाही बिनदुधाचा. तिला मी त्या पिवळ्या चीजचा तुकडा दिला. तिने चघळला, थांबली, आणि "साबण चावल्यासारखे लागते" असे म्हणून सरळ बाहेर थुंकली! वर सांगून गेली की तिला कोलीमाची चटणीच बरी. मला तिचे फार कौतुक वाटले. फुकट मिळाले म्हणून गोड मानून घेतले नाही. मी सव्वीस वर्षांत जे केले नाही ते तिने एका घासात केले.

भगिनींनो, नव्या सुना आता मुंबई-नाशिकहून येतात. कोणाच्या फ्रीजमध्ये तिने आणलेले चीज दिसते, आणि आळीत चर्चा होते की बघा, हिला घरचे गोड लागत नाही. असे बोलणे माझ्या कानांवर आलेले आहे. तुकडाभर चीजने घर बुडत नाही. पण "हे कसले खाणे" या एका वाक्याने ती मुलगी पुढे वीस वर्षे आपली आवड सांगायची नाही. तिला विचारा, "कसे लागते ग? मलाही दे थोडे." आवडले तर दोघी खाल, नाही आवडले तर हसाल, दोन्हींत नाते जवळ येईल.

आणि जुन्या जाणत्या भगिनींना एक विनंती. आज रात्री ताटे वाढून झाल्यावर स्वतःला एकदा विचारून पाहा, मला काय आवडते? उत्तर लगेच येणार नाही, पण विचारीत राहावे. पुढच्या मासिक सभेत प्रत्येकीने आपल्या आवडीचा एक पदार्थ करून आणावा, नवऱ्याच्या नव्हे, मुलांच्या नव्हे, स्वतःच्या आवडीचा, असे मी कार्यकारिणीपुढे सुचविते. मी टोपलीचे पनीर करून आणीन. शाकाहारी रेनेट मुलीने आणून दिले आहे. ते कोणाला आवडले नाही तर तसे तोंडावर सांगावे. मला वाईट वाटणार नाही.